दुसरी खेप

१

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमचे अबुधाबीतले मित्र दुपारपर्यंत लोळायचे आणि संध्याकाळी सहकुटुंब समुद्रकाठच्या कॉर्निशवर हवा खायला जायचे. आम्ही मात्र उजाडायच्या आत थालीपिठांचा डबा, चहाचा थर्मास आणि कॅमेऱ्याच्या बॅगा गाडीत कोंबून उत्तरेचा रस्ता धरायचो. दुबई, शारजा, उम्म अल क्वैन मागे टाकत थेट रास अल खैमा. मागच्या सीटवर आमची शुभ्रा कानात वॉकमन घालून बसलेली. "आर वुई देअर यट?" हा तिचा जप दुबईपासूनच सुरू व्हायचा.

फिल्म माझ्या बायकोची, अनुपमाची. मी तिचा ध्वनिमुद्रक, ड्रायव्हर आणि हमाल. बाकीचा आठवडा मी एका तेल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर होतो. अधूनमधून रुवैसला जाऊन तिथल्या मीटरांशी हुज्जत घालायची, हे माझं पोटापाण्याचं काम. लग्न होऊन अनुपमा पुण्याहून इथे आली तेव्हा बिल्डिंगमधल्या बायकांनी तिला भिशीत ओढायचा खूप प्रयत्न केला. तिने त्यांच्या घरच्या बारशांचे आणि मुंजींचे व्हिडिओ काढून दिले, आणि त्या कमाईवर स्वतःच्या फिल्म सुरू केल्या. पहिली रास अल खैमाच्या कोळ्यांवर, दुसरी डोंगरात शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्यावर, तिसरी खजुराच्या बागांना पाणी वळवणाऱ्या माणसांवर. लिहिणार ती, कॅमेरा धरणार ती, कापणार-जोडणार ती. तयार फिल्म महाराष्ट्र मंडळात दाखवायची. लोक बटाटेवडे खात बघायचे आणि जाताना म्हणायचे, "वहिनी, छान आहे हं. गाणी असती तर अजून मजा आली असती." मंडळात तिचं नावच 'उत्तरवाल्या वहिनी' पडलं होतं.

माझ्या कामाची एक रीत सांगायला हवी. मुलाखत सुरू होण्याआधी मी घरातला एसी बंद करायचो, फ्रिज बंद करायचो आणि गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवून द्यायचो, म्हणजे निघताना फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरायला नको. मुलाखत संपली की सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसता खोलीचा आवाज घ्यायचा. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो आणि प्रत्येक खोलीचा वेगळा असतो. पुढे फिल्म जोडताना दोन वाक्यांमधल्या फटी त्याने बुजवतात. हेडफोन लावून ते मिनिट ऐकायला मला फार आवडायचं. समोर माझी बायको, आतल्या खोलीत झोपलेली लेक, आणि कानात नुसतं शांत घर. मी सुखी माणूस होतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

२

२००२ साली इराकवर पुन्हा युद्धाचे ढग जमू लागले. ऑफिसात, कोपऱ्यावरच्या बकाल्यात किराणा घेताना, लिफ्टमध्ये तीच चर्चा. अनुपमाने ठरवलं, आता फिल्म त्या लोकांवर, जे नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये, इराकने कुवेत गिळलं तेव्हा, तिथून जीव मुठीत धरून बाहेर पडले आणि पुढे पोटासाठी इथे उत्तरेत येऊन राहिले. बारा वर्षं झाली होती आणि कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं.

पहिलं घर रामेश्वर आणि रंजिताचं. तो एका सिमेंट फॅक्टरीत स्टोअरकीपर होता. क्वार्टर छोटं, पण हॉलमध्ये नवाकोरा सोफा आणि त्यावर दुकानातून आलेलं प्लास्टिक तसंच. रामेश्वर बोलायला लागला तो थांबेना.

"आम्ही एका इंडियन स्कूलच्या बसमधून निघालो, वहिनी. महादू म्हणून ड्रायव्हर होता, संगमेश्वरकडचा. त्याने बगदादपर्यंत पोचवलं. तिथून आमची पुढे अम्मानला जायची सोय झाली. आम्ही म्हटलं, चल आता आमच्याबरोबर. तर म्हणाला, शाळेच्या गेटवर अजून माणसं थांबलीत, त्यांना सांगून आलोय, दुसरी खेप घेऊन येतो. रिकामी बस वळवली आणि गेला. खलास. पुन्हा दिसला नाही."

"त्याची बायको आमच्या बसमध्येच होती," रंजिता म्हणाली. "गिरिजा. शाळेच्या बसवर आया होती ती. आता इथेच असते, नखीलला, लहान पोरांच्या एका नर्सरीत. तिला वाटतं तो येणार."

मुलाखत संपली. मी हेडफोन नीट केला आणि म्हणालो, "आता एक मिनिट सगळ्यांनी अगदी शांत राहायचं."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही उठून उभी राहिली. हात पुढे जुळवलेले, माना खाली. आपल्या माणसाला एक मिनिट शांत राहा म्हटलं की दुसरं काय सुचणार! कोळ्यांनी, शेळीवाल्याने असं कधी केलं नव्हतं. मला हसू फुटत होतं, पण अनुपमाने डोळ्यांनीच दटावलं आणि कॅमेरा चालू ठेवला. तिला ते फार आवडलं होतं, हे मला तिच्या पाठीवरूनसुद्धा कळलं.

मिनिट झाल्यावर रामेश्वर "ॐ शांती" म्हणून बसला. प्लास्टिक चरचरलं. रंजिता बसली. पुन्हा चरचरलं. मग जरा वेळाने प्लास्टिक तिसऱ्यांदा चरचरलं, सोफ्याच्या पलीकडच्या टोकाला. थकलेलं, जड शरीर सावकाश टेकावं तसा आवाज, आणि पाठोपाठ दोन हलक्या थापा.

मी मान वर केली. सोफ्याच्या त्या टोकाला कोणीच नव्हतं. प्लास्टिक दाबलं गेलं की नंतर सुटताना वाजतंच, असं मी मनाशी म्हटलं आणि फ्रिजमधून किल्ली काढली.

३

पुढच्या शुक्रवारी आम्ही नखीलला गेलो. नर्सरीच्या मागे एका ओळीत खोल्या होत्या, त्यातली शेवटची गिरिजाची. ठसठशीत कुंकू, गळ्यात काळी पोत, पायांत जोडवी. तिने आम्हाला चहा दिला, शुभ्राच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि मगच विषय काढला.

"रंजिता सांगत होती, तुमच्या फिलिममध्ये सगळी उभी राहतात म्हणे. मेलेल्यांसाठी राहतात तशी."

"ते आपोआप झालं हो," अनुपमा म्हणाली. "पण मला ते ठेवायचंय. प्रत्येक घरात."

"मग मला नका धरू त्यात, ताई. आमचे हे गेलेले नाहीत."

ती हे चिडून बोलली नाही. भाजी आणायला गेलेल्या माणसाबद्दल बोलावं इतक्या साधेपणाने बोलली. मग तिने पुढचं सांगितलं. गावी तिच्या दिराने घाई लावली होती. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की गवताचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस करायचे, बायकोचं कुंकू पुसायचं. ती बारा वर्षं आता भरली होती. दिवाळी झाली की करून टाकू, असा दिराचा निरोप होता.

"पुतळा जाळला आणि हे दारात येऊन उभे राहिले तर मी काय तोंड दाखवू?" गिरिजा म्हणाली. "मी इथे का राहिले, ठाऊक आहे ना? ह्या बंदराला इराकातल्या बसऱ्याचे लोक खजूर घेऊन येतात. कुणीतरी सांगेल. मला म्हणाले होते, तू पुढे हो, मी आलोच. मी पुढे झाले. आता यायचं काम त्यांचं."

परतीच्या रस्त्यावर अनुपमा गिरिजाबद्दलच बोलत होती. मी म्हटलं, "सोड तिला. दुसरी माणसं आहेत."

"सोडायचं म्हणून नाही रे," ती म्हणाली. "तिला खरं कोणी सांगणारच नाही का, असं वाटतंय."

"मॉम, व्हॉट इज द ट्रूथ?" मागून शुभ्राने विचारलं. अनुपमाने थालीपिठांचा डबा मागे दिला.

४

रफिक आणि मुनीर हे चुलतभाऊ दापोलीकडचे. कुवेतमध्ये बेकरीत होते, आता रास अल खैमाच्याही पुढे, रम्स गावात, मासेमारीच्या सामानाचं दुकान सांभाळायचे. दुकानाच्या मागेच त्यांची खोली. दोन लोखंडी खाटा आणि भिंतीशी नायलॉनच्या जाळ्यांचा ढीग.

"आम्ही थांबलो होतो ना त्या गेटवर," रफिक सांगत होता. "महादूची दुसरी खेप म्हंजे आमचीच. पहिल्या बसमध्ये मावली तेवढी कुटुंबं गेली. आम्ही वाट बघितली, खूप बघितली. मग एक ट्रकवाला मिळाला. मी मुनीरला म्हटलं, यल्ला, चल. बाकीचे म्हणाले, तुम्ही जा, महादूने जबान दिली आहे, तो येणार. म्हातारी माणसं होती. एक बाई होती, लहान पोर घेऊन. ती सगळी तिथेच बसून राहिली."

"मग?"

"मग अल्ला जाने. त्यांच्यातला एकही माणूस आम्हाला परत भेटला नाही, भाभी."

 मुनीर मुलाखतभर खाटेवर पाय पसरून बसला होता आणि जमिनीकडे बघत होता.

गिरिजाच्या बोलण्यानंतर अनुपमाचाही उभं राहण्याचा आग्रह मावळला होता, म्हणून मी या वेळी समजावून सांगितलं. उठायचं नाही, फक्त गप्प बसायचं, मला खोलीचा आवाज हवाय. रफिकने मान हलवली. तो बसल्या जागीच ओंजळ पुढे धरून मनात काहीतरी पुटपुटला आणि तोंडावरून हात फिरवला. कोणीही उभं राहिलं नाही. एसी बंद होता, पाठीवरून घाम ओघळत होता. कानात लांबवर बोटीचं इंजिन आणि त्यापलीकडे समुद्र.

मग जाळी दबली.

नायलॉनच्या ढिगावर कोणी बसलं की जो घसघसता आवाज येतो तो आला, एकदम स्पष्ट. आधीच्यापेक्षा जवळून. एक लांब उसासा. आणि मांडीवर हात मारल्यासारख्या दोन थापा.

जाळ्यांच्या ढिगावर माशीसुद्धा बसलेली नव्हती. पण मग मी मुनीरकडे पाहिलं. मुनीरच्या कानावर हेडफोन नव्हता. तो अजून जमिनीकडेच बघत होता. पण त्याने पसरलेले पाय आखडून घेतले होते आणि तो खाटेवर थोडा आत सरकला होता. गर्दीच्या बसमध्ये नव्या माणसाला वाट देताना आपण न बघताच सरकतो, तसा. त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"झालं का, चारू?" अनुपमाने विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

५

माझ्या डोक्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. एसी बंद केला की खोली झपाट्याने तापते. तापली की प्लास्टिक, लोखंड, नायलॉन सगळंच फुगतं आणि करकरतं. रुवैसला पाइपलाइनवर हा प्रकार मी नेहमी बघत होतो. त्यात गूढ काही नाही. हे मी शनिवारी जेवताना अनुपमाला आकृती काढून समजावलं.

तिने दोन्ही टेप लावून ऐकल्या. मग पहिल्या घरापासून पुन्हा ऐकल्या.

"कोणीतरी बसतंय रे," ती म्हणाली.

"अनु, प्लास्टिक आहे ते."

"प्लास्टिकला मांड्या असतात?"

तिची थट्टा करायची सवय मला बरी वाटली. ती घाबरलेली नव्हती, हे विशेष. मी हट्टाने आमच्याच हॉलमध्ये प्रयोग केला. एसी बंद, फ्रिज बंद, किल्ली आत. आम्ही तिघं उभे राहिलो, मिनिटभर थांबलो, बसलो. टेपवर सोफ्याचे आवाज आले, शुभ्राचं खुदखुदणं आलं, बाकी काही नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी सगळ्यांना बाहेर आइस्क्रीम खायला घेऊन गेलो.

"बघ, काही नाही," मी कोन खाता खाता म्हणालो.

"आपल्याकडे कशाला येईल कोणी?" अनुपमा म्हणाली आणि शुभ्राचं तोंड पुसायला लागली.

त्यानंतर महिनाभर मी रुवैसच्या कामाची सबब सांगून शुक्रवार टाळले. खरं सांगतो, मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे बायकोला सांगायची लाज वाटत होती. पण मग गिरिजाचाच फोन आला. दिराने भटजींशी बोलून दिवाळीनंतरचा दिवस ठरवला होता. तिला फिल्ममध्ये यायचं होतं. महादूचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरायचा होता, म्हणजे बघणाऱ्यांपैकी कोणी त्याला पाहिलं असेल तर सांगेल. पुतळा जाळायच्या आत सांगेल.

"पण एक शब्द द्या, ताई," ती म्हणाली. "कुणी उभं राहायचं नाही. तुम्ही नाही, दादांनी नाही."

अनुपमाने शब्द दिला. फोन माझ्या हातात देऊन मलाही द्यायला लावला.

६

नखीलच्या त्या खोलीत दुपारी आम्ही तिघंच होतो. शुभ्रा नर्सरीच्या अंगणात झोक्यावर. गिरिजाने खाली चटई अंथरली होती. ती भिंतीशी बसली, समोर कॅमेरा घेऊन अनुपमा, बाजूला माइक धरून मी. दार एसीपायी एरवी बंद असायचं, आज एसी बंद केला म्हणून उघडं ठेवलं होतं. बाहेर कडक ऊन.

फोटो धरून झाला. गाव, शाळा, बसचा नंबर, सगळं सांगून झालं. अनुपमाने विचारलं, "महादू माणूस कसा? म्हणजे घरात, कामावर?"

गिरिजा पहिल्यांदाच लाजली. "कामावर फार कडक हो. पोरं चढायला लागली की हे दारात उभे. मागचं शेवटचं पोर सीटवर टेकलं की मग स्वतः बसायचे. कितीही घाई असू दे, आधी कधी नाही. बसले की मांडीवर अशा दोन थापा मारायचे आणि मग चावी फिरवायचे."

तिने मारून दाखवल्या. हेडफोनमधून त्या मला ऐकू आल्या. तोच ठेका.

अनुपमाने कॅमेऱ्यावरून माझ्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. तिचा चेहरा उतरला होता, पण कॅमेरा स्थिर होता. या बाईला आता सांगायचं, की नाही सांगायचं? सांगायचं तर काय? तुझा नवरा आम्ही दोन घरी ऐकला? तो जिवंत असेल तर रामेश्वरच्या सोफ्यावर कसा बसेल? मी तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं आणि ठरवलं, काही सांगायचं नाही, गुपचूप निघायचं.

"आज खोलीचा आवाज राहू दे, अनु," मी म्हणालो.

"का हो दादा?" गिरिजाच म्हणाली. "घ्या की. बसूनच घ्यायचाय ना?"

आम्ही गप्प बसलो. कोणी उठलं नाही. अंगणात झोक्याची साखळी करकरत होती, तीही थोड्या वेळाने थांबली.

मग उंबऱ्याच्या आत कोणीतरी खाली टेकलं.

मी डोळे मिटले. हे होणार हे मला ठाऊक होतं. उसासा येईल, थापा येतील, संपेल. पण थापा आल्या नाहीत. त्याऐवजी चटईवर अजून एक माणूस बसला. म्हातारा असावा, गुडघा कटकन वाजला. त्याच्या शेजारी अजून एक. पत्र्याची पेटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज. काचेच्या बांगड्या. एक लहान मूल कुरकुरलं आणि कोणीतरी त्याला थोपटून गप्प केलं. बोलत कोणीच नव्हतं. येत होते, जागा बघत होते, बसत होते. कपड्यांची सळसळ, बोचकी सरकवणं, कोणाचा तरी कोरडा खोकला. एवढ्याशा खोलीत इतकी माणसं मावणं शक्य नव्हतं, आणि तरी येतच होती. शेवटी माझ्या पाठीला लागून कोणीतरी टेकलं. मला त्याच्या श्वासाचा आवाज हेडफोनमधून आला. मी वळून पाहिलं नाही. माझे दात एकमेकांवर वाजत होते आणि ते टेपवर येतील म्हणून मी जीभ दातांत धरली.

"दादा." गिरिजाचा आवाज. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "काय ऐकू येतंय?"

उभं राहणार नाही असा शब्द मी दिला होता. तो पाळला होता. खोटं बोलणार नाही असा काही शब्द दिलेला नव्हता. पण तिच्याकडे बघितल्यावर मला तेही जमेना. मी हेडफोन काढला आणि तिच्यापुढे धरला.

हेडफोन काढताच खोली रिकामी झाली. चटई, पाण्याचा माठ, बिस्किटाचा डबा. अनुपमा कॅमेऱ्यामागे, ओठ आवळून.

गिरिजाने हेडफोन लावला. दोन्ही तळव्यांनी कानांवर दाबून धरला. आधी तिच्या कपाळाला आठी पडली, मग ती गेली. तिची नजर जमिनीवरून फिरायला लागली, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत, एकेका जागेवर थांबत, ओळीने. माझ्या पाठीमागेही ती क्षणभर थांबली. मला वाटलं, मी आता ओरडणार.

"एवढी माणसं होती होय," ती पुटपुटली. "मग उशीर व्हायचाच."

नजर फिरत फिरत दाराशी गेली आणि तिथे वर झाली. बसलेल्याकडे बघतो तशी नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघतो तितकी वर. मी दाराकडे पाहिलं. बाहेर पांढरंफेक ऊन होतं, आणि उंबऱ्याच्या आत, चटईच्या कडेवर, माणसाएवढ्या रुंदीचा एक पट्टा होता ज्याच्यावर ते ऊन पडत नव्हतं.

गिरिजा बराच वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं. पण चेहऱ्यावर दुःख म्हणावं तर ते नव्हतं. एखादं काम मनासारखं पार पडलेलं बघताना माणूस जसा निवांत होतो, तशी ती झाली होती. तिने पदर सावरला, पाठ ताठ केली आणि पोरांनी भरलेल्या बसमध्ये मागून पुढे ऐकू जावं अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"बसले सगळे. निघा आता."

झोक्याची साखळी पुन्हा करकरायला लागली. उंबऱ्यापाशी ऊन आत आलं.

गिरिजाने हेडफोन काढून माझ्या हातात दिला. तो कानाला लावायची माझी हिंमत झाली नाही. ती अजून दाराकडेच बघत होती.

"ताई," थोड्या वेळाने ती म्हणाली, "दिराला फोन लावून द्याल? दिवाळीपर्यंत थांबू नका म्हणावं."